डब्याशी माणूस

अन्याय कोणावर झाला ते आधी सांगते. मुलुंड पूर्वेला आमच्या गल्लीत राहणारे एक निवृत्त हवालदार. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. अन्याय कधी झाला? १९८५ साली, स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी सकाळी, रेशन दुकानाचं शटर वर गेलं तेव्हा. काय झालं? रॉकेलच्या रांगेत त्यांनी वेळेवर लावलेला डबा उचलून रांगेबाहेर ठेवला गेला. कोणी ठेवला? माझ्या आईने.

तेव्हा मी यावर एक पत्रक काढलं होतं, पण पत्रकात कोणा शेजाऱ्याकडे बोट दाखवायचं नाही, असं आमच्या महागाईविरोधी गटात ठरलेलं होतं. म्हणून तेव्हा हे शेवटचं वाक्य छापलं नाही. आता आईच म्हणते, "लिहायचं तर सगळं लिही. अर्धवट लिहून मला देवी नको करू."

तर सगळं लिहिते.

ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांना रॉकेलची रांग म्हणजे काय ते कळणार नाही. आमच्या गल्लीत गॅस मोजक्या घरांत होता. बाकीचे सगळे गॅससाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं स्टोव्हला पिन मारत बसलेले. रेशन दुकानात रॉकेल आल्याची बातमी आदल्या संध्याकाळी गल्लीभर व्हायची आणि सकाळी उजाडायच्या आत दुकानापुढे डबे लागायचे. माणसं नव्हे, डबे. तेलाचे चौकोनी पत्र्याचे डबे, ऑइलपेंटचे गोल डबे, पांढरे प्लॅस्टिकचे कॅन. डबा लावून माणूस घरी जायचा, पाणी भरायचा, पोरांना शाळेत धाडायचा आणि दुकान उघडायच्या वेळेला परत यायचा. याला आमच्याकडे नंबर लावणं म्हणतात. यात चूक काही नाही. कामावर जाणाऱ्या बाईने पहाटेपासून उभं राहायचं तर चूल कोण पेटवणार?

पण डब्यांची रांग म्हटली की डब्यांचा धंदा आलाच. कोपऱ्यावर पानाची गादी आहे. तिथे दिवसभर पडीक असणारा एक जण एकटाच पाच डबे लावायचा. दुकान उघडलं की गादीवरूनच हात वर करायचा, "माझे आहेत हां ते!" आणि नंतर ते रॉकेल हॉटेलवाल्यांना विकायचा. मागे उभ्या असलेल्या बायकांना दुकानदार सांगायचा, "संपलं."

हे बंद केलं ते आईने. ती ठाण्याला एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट. बोलणं टाइपरायटरसारखं, खटाखट. तिने आणि गल्लीतल्या बायकांनी दुकानदाराला घेराव घालून दोन नियम लावून घेतले. एका माणसाचा एकच डबा. आणि शटर वर गेलं की डब्याशी माणूस उभा पाहिजे. नसेल तर डबा बाहेर.

शटर वर जाताना आई रांगेच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालत जायची. हातात छत्री, उन्हाळा असो की पावसाळा. छत्रीच्या टोकाने एकेका डब्यावर टक् करायची आणि विचारायची, "माणूस?"

"आहे."

टक्. "माणूस?"

"आहे."

टक्. "माणूस?"

"आहे ना बाई, समोर उभी आहे, दिसत नाही का?"

"दिसतेस. तरी बोल."

पाच डबेवाल्याची वाट लागली ती या हजेरीने. मला तेव्हा आईचा कोण अभिमान वाटायचा! मी कॉलेजसाठी पार्ल्याला जायचे, तिथल्याच एका गटाबरोबर महागाईविरोधी काम करायचे, पत्रकं लिहायचे, स्टेन्सिल कापायचे, बोटं शाईने काळी करून घरी यायचे. आम्ही पत्रकांतून "संघटित व्हा" म्हणून ओरडत होतो आणि आई छत्री घेऊन ते करून मोकळी झाली होती.

आता हवालदारांबद्दल. गल्ली त्यांना मेजर म्हणायची. कोणी म्हणायला सुरुवात केली देव जाणे. वाणी म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, क्रिकेट खेळणारी पोरं म्हणायची, "मेजर, बॉल द्या ना!" ते कितीदा सांगायचे, "अरे मी हवालदार, मेजर वेगळो असता." कोण ऐकतो? रँक फुकटात मिळाली होती. बाकी काही फुकटात मिळालं नव्हतं.

ते मूळचे मालवणकडचे. पेन्शन होती, आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांतल्या एकट्या राहणाऱ्या पोरांना दोन वेळचं जेवण करून घालायच्या. पाय गेल्यावर घरातलं एकेक काम काकूंनी आपल्याकडे ओढून घेतलं होतं. दूध, भाजी, दळण, वीजबिल. एक काम मात्र मेजरनी सोडलं नाही. रॉकेल. डब्याला दोरी बांधून तो खांद्याला लटकवायचे, एका हातात काठी घ्यायचे आणि येताना भरलेला डबा घेऊन, मधे कुठेही न थांबता, काकूंच्या स्टोव्हापाशी आणून ठेवायचे. काकू म्हणायच्या, "दुसऱ्या कोणाक सांगतंय." ते म्हणायचे, "मगे मी काय करू घरात, आरती ओवाळू?"

एवढं एक काम. त्या एका कामावर ते त्या घरात कर्ते होते. म्हणून सांगते, इथे प्रश्न रॉकेलचा नव्हता. रांगेतली ती जागा गेली तर ते काम काकूंकडे जाणार होतं, आणि ते काम गेल्यावर त्यांनी दिवसभर करायचं काय, याचं उत्तर गल्लीत कोणाकडे नव्हतं.

त्यांचा पाय लाकूड आणि चामड्याचा, पट्ट्यांनी बांधायचा. उभं राहिलं की जिथे गुडघ्याखालचा खुंट त्यात बसतो तिथे सोलवटून निघायचं. म्हणून डबा लावला की ते रांगेच्या बरोबर समोर, इस्त्रीवाल्याच्या फळीवर जाऊन बसायचे. पट्टे सैल करायचे, पाय बाजूला काढून ठेवायचे आणि इस्त्रीवाल्याशी राजकारणावर भांडायचे. शटरचा आवाज आला की पाय चढवायचे, पट्टे आवळायचे आणि रस्ता ओलांडून डब्याशी यायचे. उन्हाळ्यात हे पटकन व्हायचं. आईची छत्री त्यांच्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर ते हजर. पावसाळ्यात चामडं फुगतं. पट्टा बकलात शिरत नाही.

त्या दिवशी शिरला नाही.

मी नव्हते तिथे. मी आले तेव्हा दुकान बंद होत होतं आणि मेजर रिकामा डबा खांद्याला लावून परत चालले होते. रोज मला बघून "काय गो चेडवा, आज कसलो मोर्चो?" विचारणारा माणूस न बोलता गेला. विजेच्या खांबावर मंडळाची पोरं कर्णा बांधत होती, दुसऱ्या दिवसाच्या झेंडावंदनासाठी. देशभक्तीची गाणी लावून आवाज तपासणं चाललं होतं.

काय झालं ते मला इस्त्रीवाल्याने सांगितलं. "तुझ्या आईने विचारलं, माणूस? मेजरनी इथून हात वर केला, ओरडले पण, आसंय म्हणून, आहे मी म्हणजे. पट्टा बसत नव्हता. तुझी आई बोलली, हात चालत नाही. डबा बाहेर ठेवला. मेजर गेले, डबा उचलला, शेवटी जाऊन उभे राहिले. उभे राहिले हां, बसले नाय. त्यांचा नंबर यायच्या आधी संपलं."

घरी जाऊन मी आईवर तुटून पडले.

"तू मेजरना ओळखत नाहीस?"

"ओळखते."

"ते समोर बसलेले दिसले नाहीत तुला?"

"दिसले."

"मग?"

"मग काय? हात तर तो पाच डबेवाला पण वर करायचा, गादीवरून. त्याला मी काय सांगितलं होतं? हात चालत नाही, माणूस पाहिजे. आता मेजरचा चालला तर उद्या तो येऊन विचारील, माझा का नाही?"

"तो पाय काढून ठेवतो का?"

"आवाज खाली. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून टिकलाय. तू पत्रकात लिहितेस ना समान न्याय, समान न्याय? हा घे."

मी दार आपटलं. तेवढं जमलं.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन. नाक्यावर मंडळाचा मंडप, पताका, पांढऱ्या शर्टातली शाळेची पोरं. मंडळाच्या अध्यक्षांनी झेंडा चढवला आणि माइक हातात घेतला. माइक हातात आला की हा माणूस सोडत नाही. सीमेवर जागणाऱ्या जवानांमुळे आपण इथे सुखाने झोपतो, त्यांचं ऋण फेडता येणार नाही, आपल्याच गल्लीत एक वीर राहतो हे आपलं भाग्य, वगैरे वगैरे. मग "मेजरसाहेबांना" पुढे बोलावलं. हा आमच्याकडचा ठरलेला रिवाज. कोणाचे आभार मानायचे म्हटलं की शाल आणि नारळ. लग्नात व्याह्यांना, निवृत्तीच्या दिवशी हेडक्लार्कला, गणपतीत वर्गणी देणाऱ्या बिल्डरला आणि वर्षातून एकदा सैनिकाला. तीच शाल, तोच नारळ, तोच फोटोवाला.

मेजर आले, काठी टेकत. त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि त्यांना तसंच उभं ठेवून अध्यक्षांनी भाषणाचा उरलेला भाग पुरा केला. मंडपात खुर्च्या होत्या. पुढच्या ओळीत वर्गणीदार बसले होते. माझ्या डोक्यात नुसती आग! पहिल्या दिवशी डब्याशी उभं राहता आलं नाही म्हणून नंबर गेला आणि दुसऱ्या दिवशी सत्कार म्हणून उभं करून ठेवलं.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "दोन शब्द बोला, मेजर."

मेजरनी नारळ कानापाशी नेऊन हलवून बघितला. "नारळ बरो आसा," ते माइकवर म्हणाले. "पाणी आसा भरपूर. घरात रॉकेल नाय, तेव्हा आज सोलकढीच करूची लागतली."

मंडप हसला. सोलकढीला चूल लागत नाही, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना कळतं, निम्मी गल्ली कोकणातली. अध्यक्ष तर पोट धरून हसले, "वा मेजर, झकास!" टाळ्या. फोटो.

आई माझ्या शेजारी उभी होती. ती हसली नाही. टाळ्याही वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर तिने आमच्या डब्यातलं रॉकेल नरसाळ्याने एका बाटलीत काढलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली माझ्यापुढे ठेवली.

"काकूंना देऊन ये. पोरं जेवायला येतील त्यांच्याकडे."

"तू जा ना. डबा तू काढलास."

"तू जा म्हटलं ना."

मी गेले, पण एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात पत्रकाचा मसुदा घेऊन. मी तो पहाटे उठून लिहिला होता. मथळा: "देशासाठी पाय देणाऱ्या वीराला रांगेत पहिला नंबर मिळालाच पाहिजे!" खाली मागण्या. खाली आवाहन. मला वाटत होतं, हे वाचून ते हेलावतील.

काकू चुलीपाशी बसल्या होत्या. चूल म्हणजे मागच्या गॅलरीत तीन विटा मांडून केलेली. खोक्यांची फळकुटं पेटवलेली आणि सगळ्या खोलीत धूर. मेजर दाराशी स्टुलावर बसून कालचं बकल तेल लावून साफ करत होते. मी बाटली पुढे केली.

"आईने दिलंय."

काकूंनी मेजरकडे बघितलं. मेजर बकलाकडेच बघत होते. काकू म्हणाल्या, "ठेव थंय. तिका सांग, फुडच्या वेळाक परत धाडतंय." त्यांना पोरांची पोटं भरायची होती, मानापमान बघायला वेळ नव्हता.

मग मी कागद मेजरच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश वाचला, ओठ हलवत.

"अक्षर बरा आसा," ते म्हणाले आणि कागद परत दिला. "पण ह्या नको."

"का? मेजरकाका, तुमचा हक्क आहे तो! तुम्ही देशासाठी—"

"फुडे कोणाच्या जाऊ?" त्यांनी विचारलं. "त्या कोपऱ्यावरच्या बाईच्या? तिचा पोर पाळण्यात आसा. ती पहाटे डबो लावता. तिच्या फुडे जाऊ मी? कित्याक? माझो पाय तिणां थोडोच घेतल्यान?"

"पण तुमच्यावर अन्याय—"

"झालो! नाय कोण म्हणता?" आता त्यांचा आवाज चढला. कालपासून दाबून ठेवलेला राग एकदम वर आला. "मी इलंय, डबो लावलंय, समोर बसलंय. बसलंय म्हणजे गेलंय काय? माका फुडे नको. माका माझो नंबर होयो! माझो होतो तो!"

आतून काकू म्हणाल्या, "हळू. शेजारी ऐकतत."

"ऐकूदेत! काल कोणी ऐकूक नाय ता."

मी कागद घडी करून निघाले. दाराशी त्यांनी हाक मारली. "चेडवा." मी वळले. "ता वीर-बीर काढ त्याच्यातला. आणि पाय दिलो म्हणून लिवलंस ता पण. दिलो नाय गो. गेलो."

मी घरी आले आणि मसुदा फाडला. हरल्यासारखं वाटलं असेल असं कोणी समजू नये. मला उलट चेव चढला. मागणी चुकीची होती, राग बरोबर होता. मागणी बदलता येते. नवं पत्रक मी तिथेच बसून लिहिलं, साधं, उद्गारचिन्हं काढून. त्यांना पहिला नंबर नको, त्यांचा स्वतःचा नंबर द्या. ते समोर बसलेले असतील तर ते रांगेत आहेत असं धरा.

आमच्या गटात मात्र यावरून वाजलं. पार्ल्याच्या त्या खोलीत सायक्लोस्टाईल यंत्राशी बसलेला माझा एक मित्र म्हणाला, "यार, आपला मुद्दा महागाई. तुझा मेजर मधेच कुठून आला?"

"रॉकेलच्या रांगेतून."

"आणि फौजेचं कौतुक आपण करायचं? ते करायला सरकार आहे, मंडळं आहेत."

"मंडळाने कौतुक केलं रे. नारळ दिला. मी कौतुक करत नाहीये, डब्याची जागा मागतेय. यात तुला कुठे फौज दिसली?"

तो हँडल फिरवायला लागला. पत्रकं निघाली.

आईला मी त्यातलं एक दिलं नाही. पण मेजर जे बोलले ते जेवताना सांगितलं, त्यांच्याच शब्दांत. बसलंय म्हणजे गेलंय काय. आई भाताचा घास घेता घेता थांबली.

"असं म्हणाले?"

"असंच."

मग ताट उचलून उठताना ती म्हणाली, "नियम आम्ही बायकांनी केलाय. बदलायचा तर आम्ही बदलू. तुझ्या पत्रकाने बदलणार नाही."

"मग बदला की."

"मला विचार करू दे. मोर्चातल्यासारखं लगेच नसतं सगळं."

पुढच्या वेळी रॉकेल आलं त्या सकाळी मी कॉलेज बुडवलं. पाऊस भुरभुरत होता. डबे लागले होते. मेजरचा डबा दोरीवरून लगेच ओळखू येतो. त्यांच्या मागे एका नव्या भाडेकरूचा कॅन होता. हा नुकताच मालाडहून आमच्याकडे राहायला आलेला, पँटशर्ट कडक इस्त्रीचे, सारखा घड्याळ बघत. मेजर फळीवर बसले होते, पाय काढून. नेहमीपेक्षा लवकरच त्यांनी पट्ट्यांशी झटायला सुरुवात केली होती. ते बघवत नव्हतं. इस्त्रीवाल्याने माझी पत्रकं घेतली आणि माझ्या देखत त्यांतल्या एकात शर्ट गुंडाळला. म्हणाला, "वाचेल ना ज्याचा शर्ट आहे तो."

शटर वर गेलं. आई निघाली. टक्. "माणूस?" "आहे." टक्. "माणूस?" "आहे." टक्. दोरीचा डबा.

"माणूस?"

समोरून हात वर झाला. "आसंय!"

नव्या भाडेकरूने वाकून डब्याच्या दोरीला हात घातला. "बाई, हात चालत नाही ना तुमच्यात? मला सांगितलंय सगळ्यांनी."

आईने छत्रीचं टोक त्या डब्याच्या झाकणावर ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं.

"आजपासून चालतो."

"असं कसं? मग माझा पण चालेल."

"चालेल की. समोर बसा, पाय काढून ठेवा आणि हात वर करा."

मला वाटलं, संपलं, आता मेजर उठून घरी जातील. पण फळीवरून असा काही खदखदून हसण्याचा आवाज आला की इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली, शर्ट जळेल म्हणून. मेजर हसत होते. मग रांग हसली. भाडेकरूही हसला, नाइलाजाने, आणि त्याने दोरी सोडली.

आई रांगेकडे वळली. "ऐका सगळ्यांनी. एका माणसाचा एक डबा, तो नियम तोच. माणूस दिसला पाहिजे, तोही तोच. पण ज्याला उभं राहवत नाही तो समोर बसला तर तो रांगेत. मेजर असोत, गरोदर बाई असो, कोणाची म्हातारी आई असो. कोणाला काही म्हणायचंय?"

पाळण्यातल्या पोराची आई म्हणाली, "बाई, हे आधीच करायला हवं होतं."

"हवं होतं," आई म्हणाली. "म्हणून आज केलं." आणि पुढच्या डब्यावर टक्. "माणूस?"

रांग पुढे सरकायला लागली. आता खरी अडचण समोर आली, तिचा विचार ना आईने केला होता ना माझ्या पत्रकाने. माणूस फळीवर, डबा रांगेत. रांग पुढे सरकली की डबा कोण सरकवणार? पुढच्या बाईने आपला डबा उचलला, मधे जागा पडली. मेजर घाईने उठायला गेले. पट्टा अर्धाच बांधलेला.

नव्या भाडेकरूने घड्याळ बघितलं. मग पायानेच दोरीचा डबा पुढे ढकलला आणि मागोमाग आपला कॅन ढकलला. पुन्हा रांग सरकली, पुन्हा त्याने दोन्ही ढकलले, आधी मेजरचा, मग स्वतःचा. ते खर्रर्र करत दुकानाच्या पायरीपर्यंत गेले. मेजर फळीवर पुन्हा बसले, पट्टा नीट, घाई न करता, शेवटच्या भोकापर्यंत ओढला आणि डबा पायरीशी पोचला तेव्हा रस्ता ओलांडून आले.

त्यांनी भाडेकरूचे आभार मानले नाहीत. आईचेही नाहीत. आईपाशी येऊन म्हणाले, "बाटली काकू संध्याकाळी धाडतली."

"सावकाश."

"सावकाश कित्याक? आज रॉकेल गावला." आणि भरलेला डबा उचलून ते चालू लागले, शाल-नारळाच्या दिवशी चालले होते त्यापेक्षा कितीतरी ताठ. मला बघून म्हणाले, "काय गो, मोर्चो रद्द?"

तेव्हापासून आमच्या गल्लीत हा रिवाज झाला. मेजरच्या मागे जो असेल तो त्यांचा डबा सरकवतो. कोणाला सांगावं लागत नाही. प्रजासत्ताक दिनाला मंडळाने पुन्हा शाल आणली, तेव्हा आईने अध्यक्षांना विचारलं, "खुर्ची आणलीय का?" खुर्ची आली. मेजर खुर्चीवर बसले आणि अध्यक्ष उभ्याने बोलले, त्यामुळे भाषण जरा आटोपशीर झालं.

मला विचाराल तर कृतज्ञता एवढीच असते, आणि एवढी असली की पुरते. ती मंडपात दिसली नाही मला. ती दिसली एका अनोळखी माणसाच्या चपलेच्या टोकाला, तो डबा ढकलताना. त्याला त्या दिवशी ऑफिसला उशीर झाला असेल. होऊ दे.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या गल्लीतही एक मेजर आहे. तो हवालदार असेल, नाईक असेल, साधा शिपाई असेल. तुम्ही त्याला बँकेच्या दारात बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला बघता, दवाखान्यात, दुधाच्या केंद्रावर बघता. पंधरा ऑगस्टला तुम्ही त्याच्यासाठी टाळ्या वाजवता. त्या टाळ्या राहू द्या. उद्या सकाळी रांगेत तो तुमच्या पुढे असेल आणि समोरच्या पायरीवर टेकलेला असेल, तेव्हा त्याचा डबा उचलून बाहेर ठेवू नका, आणि तुमच्या मागच्यालाही ठेवू देऊ नका. रांग सरकली की वाका आणि आधी त्याचा डबा पुढे करा. मग तुमचा. उद्याच. पुढच्या झेंडावंदनाची वाट बघू नका.